हाताखालची जागा

काकू चिनी मातीच्या कारखान्यात बाहुल्यांचे हात बसवायची. हात वेगळ्या साच्यातून निघत. ते ओल्या धडाला चिकटवायचे आणि सांधा दिसू द्यायचा नाही, हे तिचं जन्मभराचं काम. स्वभावही तसाच. मनात काय चाललंय त्याचा पत्ता कुणाला लागू द्यायची नाही.

कारखाना बंद पडल्यावर घरात भिंतींशी भांडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून तिने ओरिगामीचा वर्ग काढला. होड्या आणि पक्षी तिला मंजूर नव्हते. कारखान्यातल्या नाजूक बाहुल्या टेबलावर मांडायच्या आणि कागदातून तशाच घडवायच्या. जाड कागद ओलसर करून वळवायचा, चिमटे लावून वाळवायचा, की झग्याला अगदी मातीसारखी गोलाई यायची. कुणी कागद फाडला तर काकू अशी बघायची की तो जन्मात पुन्हा फाडणार नाही. मी सख्खी पुतणी, पण माझी लायकी कागद भिजवण्यापुरतीच.

टेबलाच्या टोकाची एक बाहुली मात्र नमुन्याची नव्हती. पांढरी, उभी आई, हात पुढे केलेला, आणि हाताखाली काहीच नाही. काकूची मुलगी ठकी शाळकरी वयातच तापाने गेली. त्यानंतर काकूने मायलेकींची जोडी घडवली होती. भट्टीतून आई धड निघाली, लेकीला मात्र डोक्यापासून तडा गेला. पुन्हा करायचा धीर तिला झाला नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विषय कुणी काढत नसे.

या हिवाळ्यात काकूची बोटं आखडायला लागली. वर्ग बंद करायचं ठरलं. त्याआधी आईच्या हाताखाली ठकी उभी करायचीय, कागदाची का होईना, असं ती म्हणाली. मी कागद भिजवला. ती एकेक घडी घालून थांबायची, बोटं चोळायची, पुन्हा घालायची. मी मदतीला गेले तर मला हाकलून दिलं.

वाळल्यावर तिने ठकीला आईजवळ उभं केलं. डोकं काही हाताखाली जाईना. ते थेट आईच्या कानाला लागत होतं. काकूने कपाळावर हात मारला आणि मटकन खुर्चीत बसली. माती भट्टीत आटते, म्हणून कारखान्यात प्रत्येक बाहुली थोडी मोठीच करायची असते. तिच्या बोटांनी सवयीने तेच माप धरलं होतं. कागद कुठला आटायला!

एवढ्या कष्टांची माती झाली म्हणून मलाच राग आला. "काकू, दुसरा कागद भिजवते," मी म्हटलं. "लहान करू."

तिने मायलेकींकडे पाहिलं. मग उठून तिने लेकीला जरासं पुढे सरकवलं. आईचा हात बरोबर तिच्या खांद्यावर आला.

"नको गं," काकू म्हणाली. "एवढी झालीच असती की ती आता."