अप्पांचं भ्या

झेरॉक्सवाले अप्पा कधीही भिंतीला पाठ लावून बसत नसत. दुकानात दोन खुर्च्या होत्या, पंखा होता. पण अप्पांचं स्टूल कायम शटरच्या बरोबर खाली, एक पाय आत आणि एक पाय रस्त्यावर. उन्हाळ्यात त्यांचं अर्धं अंग भाजायचं. गिऱ्हाईक आलं की ते आत जात, मशीनवर कागद ठेवत आणि प्रत निघेपर्यंत छताकडं बघत उभे राहत. कागद हातात पडला की भराभर बाहेर.

मी तेव्हा शिरूर अनंतपाळला शाळेत शिकवायचे आणि लातूरहून रोज जाऊन-येऊन करायचे. शाळा सुटल्यावर परतीच्या एसटीला पाऊण तास असायचा. अप्पांचं दुकान स्टँडसमोर. बाहेरच्या बाकड्यावर जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले पठाणभाई असत आणि काळे वकील असत. वकिलांची वकिली बेताची, मतं मात्र ठाम. चौथी मी. सोयाबीनचा भाव, निवडणूक, कुणाची बदली असं काही निघालं की अप्पा थोडा वेळ ऐकून घेत आणि मग म्हणत, "ते ऱ्हाऊ द्या. आपून हाव, हे कशावरून?"

आपण आहोत कशावरून, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं. तो प्रश्न ते हौसेनं विचारत नव्हते. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरच्या तोंडाकडं आजारी माणूस बघतो, तसे ते आमच्याकडं बघत.

"चिमटा काढून बघा," वकील म्हणायचे.

"सपनातबी काढलाय. दुखतंय तिथंबी."

मग पठाणभाई त्यांच्यापुढं कप सरकवायचे. "चहा गरम हाय ना? जीभ भाजली ना? मग हाव आपून. प्या." चहा संपेपर्यंत अप्पांना ते पटायचं.

जगायचं कसं, हाही त्यांचा रोजचाच विषय; पण तो उपदेशाच्या अंगानं कधी यायचा नाही. त्यांना लोकांचं खरंच नवल वाटायचं. जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे खपले की म्हणायचे, "बाई, उद्याचा भरवसा न्हाई, तरी मानसं दोनशे पानी वही इकत नेतेत. एवढं धाडस कुठून आनतेत हो?" मी म्हणाले, "तुम्हीही विकायला आणताच की." त्यावर ते बराच वेळ वह्यांच्या कप्प्याकडं बघत राहिले.

एका वर्षी आमच्या भागात जमिनीतून आवाज यायला लागले. लांब कुठंतरी विहिरीला सुरुंग लावावा तसा धप्प आवाज, आणि मांडणीवरची भांडी किणकिणायची. अधिकारी येऊन गेले, घाबरण्याचं कारण नाही असं सांगून गेले. लोकांनी मान डोलावली आणि बाजा अंगणात काढल्या. अप्पांचं जेवण तुटलं. त्यांच्या पत्नी, महादेवीअक्का, डबा घेऊन दुकानात यायच्या आणि तसाच परत न्यायच्या.

त्याच दिवसांत एका दुपारी, कुणी काही विचारलं नसताना, अप्पांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. मोठा भूकंप झाला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. माळवदाचं, मातीच्या जाड छताचं घर अंगावर आलं. शेजारी धाकटी बहीण निजलेली, नागू, आठ वर्षांची. अंधारात हात हलत नव्हता, तोंडात माती. पण नागूचा आवाज येत होता. तहान लागलीय म्हणत होती. उजेड कधी व्हईल, अण्णा, असं विचारत होती. अप्पा तिला धीर देत राहिले. दुपार उलटल्यावर लोकांनी त्यांना बाहेर काढलं, मग नागूला. तिला तपासणारा माणूस म्हणाला, ही पहिल्याच धक्क्यात गेली. तुळई डोक्यातच बसली होती.

"मग दिवसभर माझ्यासंगं कोन बोललं?" अप्पा म्हणाले.

वकिलांनी सावकाश समजावून सांगितलं. अशा वेळी मेंदू खेळ करतो, आपणच दुसऱ्याचा आवाज तयार करतो, वगैरे. ते खरंही असेल. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"असंल तसं," ते म्हणाले. "पर नसंल तर? ती मेल्यावरबी तहानलेलीच होती, असं असंल तर? वकीलसाहेब, आमच्यात मानसाला जाळत न्हाईत, बसवून माती देतेत. मलाबी देतील. आन मला तिथं कळत असलं तर?"

एवढी वर्षं तो माणूस आमच्याशी तत्त्वज्ञान बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मातीखाली एकदा जाऊन आलेला माणूस, पुन्हा जावं लागेल या भीतीनं, कुणीतरी नक्की काय ते सांगावं म्हणून आमच्याकडं येऊन बसत होता. आणि आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.

पठाणभाई म्हणाले, "आमच्यातबी मातीच देतेत, अप्पा. मी कधी इचारच केला न्हवता." दुसऱ्या दिवशी ते बाकड्यावर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "माझीबी झोप घालवली तुमी." पण बसले मात्र अप्पांना लागून.

त्यानंतर आठवडाभरानं चाचणीच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला मी दुकानात आत गेले होते. अप्पा सुटे पैसे आणायला बाहेर पडले होते. तेवढ्यात आवाज झाला. या वेळी लांब नव्हता, पायाखालीच होता. शटर खडखडलं, कप्प्यातून वह्या धडाधड खाली आल्या. बाकड्यावरचे दोघं रस्त्यावर पळाले. मला पळता आलं नाही. पाय आहेत हे माहीत होतं, पण ते माझे नव्हते. मी मशीनला धरून उभी होते आणि मशीन माझ्या हाताखाली थरथरत होतं.

अप्पा आत आले. तोंड राखेसारखं झालेलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बोला बाई, कायबी बोला, गप ऱ्हाऊ नका." मी मुलांची हजेरी म्हणायला लागले. तसंच मला ओढत त्यांनी बाहेर आणलं आणि मग रस्त्याच्या कडेला बसून ते ओकले.

"मी आत गेलो कसा, मलाच ठाव न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुकानाला काही झालं नाही. एक तडा, तोही जुनाच असेल. पण माझ्यात काहीतरी घुसलं ते घुसलंच. वर्गात शिकवताना माझं लक्ष छताकडं जायचं. लातूरच्या घरी चौथ्या मजल्यावर कपाटाचं दार जरा हललं की मी जिन्याकडं धावायचे. एकदा अप्पांना विचारलं, हे जातं का. त्यांनी मला खोटं सांगितलं नाही.

"न्हाई जात. रोज सकाळी शटर वर करताना माझे हात कापतेत. कापू देतो. शटर वर जातंय की." मग म्हणाले, "पर एकट्यानं नका भिऊ. हितं येऊन भेत जावा."

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. लातूरला ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मी भेटायला गेले तर त्यांना ऑपरेशनचं काही वाटत नव्हतं, भुलीची भीती होती. "भूल दिल्यावर मी कुठं असतो, बाई?" मी म्हणाले, झोपेत असता तसेच. ते म्हणाले, "झोपंत सपान तरी पडतंय." ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी अक्कांना सांगितलं की मधले चार तास नव्हतेच, अंधारसुद्धा नव्हता. यानं त्यांना बरं वाटलं की जास्त भीती वाटली, ते अक्कांनाही समजलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईकडं धर्माबादला होते. पठाणभाईंचा फोन आला. सकाळी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं, गाडीत घालून लातूरला निघाले, वाटेतच गेले. मी पाचव्या दिवशी पोहोचले. घरात माणसं कमी आणि कुजबूज जास्त होती. अक्का भिंतीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाकीच्या बायकांना चहा करायला पाठवलं.

"शेवटी घाबरले का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"घाबरले. लई घाबरले. मातीत नका ठिवू, म्हणले. एवढंच म्हणले."

मग अक्कांनी सांगितलं. गावाकडच्या शेतात, थोरल्या दिरांनी खड्डा खणायला माणसं लावली होती. अक्का म्हणाल्या, सरण रचा. दीर म्हणाले, आपल्यात होत न्हाई, महादेवी. सासरची माणसं, माहेरची माणसं, सगळी एका बाजूला झाली. अक्कांनी आजवर घरात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, आदी मला ठिवा. दोन तास उठल्या नाहीत. शेवटी थोरले दीरच रडायला लागले आणि त्यांनी लाकडं मागवली. निम्मे लोक तिथूनच निघून गेले. दीर राहिले, पण त्या दिवसापासून ते अक्कांशी बोललेले नाहीत.

"त्यांचं भ्या मी घालवलं असं वाटलं तवा," अक्का म्हणाल्या. "आन जाळ वर गेला तवा मनात आलं, मातीत कळत असंल, तर हेबी कळत असंल की."

त्यांनी माझा हात धरला होता.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. मी बरं केलं का?"

बाहेर कुणीतरी कप मांडत होतं. मला सांगता आलं असतं, बरं केलंत म्हणून. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना लागून बसले.