वऱ्हाडचं काय करायचं?

हैदराबादला, नारायणगुड्यातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. गेल्या वर्षी बी.ए.च्या मुलांना मी इंग्रज साहेब केलं. वऱ्हाड प्रांत मूळचा निजामाचा, पण इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. तो कायमचा ठेवून घ्यायचा की परत करायचा, यावर कलकत्त्यातल्या अधिकाऱ्यांचा वाद मुलांनी वर्गात करून दाखवायचा होता. धडा घोकण्यापेक्षा असं केलेलं जास्त लक्षात राहतं, याची मला खात्री आहे.

मुख्य सेक्रेटरी झालेला मुलगा बेगम बाजारातल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा. बोलण्यात पटाईत. टेबलावर बोटं टेकवून त्याने फाडफाड इंग्रजीत ठणकावलं, “त्यांना कारभार जमायचा नाही. रेल्वे आपण आणली. अजून पन्नास वर्षं तरी ते आपल्या हाताखालीच बरे.” टाळ्या पडल्या. मतंही त्यालाच मिळाली.

माझं आजोळ अमरावतीचं. ते ‘त्यांना’ मला चांगलंच टोचलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या वर्गाला वऱ्हाडचे शेतकरी, पाटील, व्यापारी करून पहिल्या रांगेत बसवलं. सेक्रेटरीला म्हटलं, “भाषण कालचंच कर. फक्त ‘त्यांना’ऐवजी ‘तुम्हाला’ म्हण. समोरच बसलेत ना ते.”

तो ऐटीत उठला. “तुम्हाला कारभार जमायचा...” समोर त्याच्याच बसने येणारी मैत्रीण बसली होती. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला.

“जमायचा नाही, असं कुणी सांगितलं?” तिने विचारलं. “आम्हाला कधी विचारलंत?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजी सोडून दखनीत म्हणाला, “मॅडम, मुंह पे ऐसा बोलना नै होरा.”

“मग जे बोलवतं ते बोल.”

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. “बरं, रेल्वे कुठून न्यायला हवी होती, सांगा,” म्हणाला. त्यावर सगळी रांग एकदम बोलायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. ठराव काही झाला नाही, मतदानाची आठवणही कुणाला राहिली नाही.

गोंगाट ऐकून प्राचार्य दारात आले. “मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे?”

“हौ सर,” मी म्हटलं, “राज्यकारभाराचं प्रकरण चाललंय.”

ते आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले.