ठेवणीतले दात

सासूबाईंना नवी कवळी आणली, तेव्हा त्यांनी ती धुऊन डबीत घातली आणि ठेवणीतल्या साडीशेजारी कपाटात ठेवून दिली. लग्न, बारसं, मुंबईचे पाहुणे असले की ती डबी उघडायची. "दात काय रोज वापरायचे? झिजतील ना गो!" असं त्यांचं म्हणणं. तोंड दाबून हसण्यापलीकडे मी काही केलं नाही.

पुढे त्यांना हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायलाच हवं, पण यांच्या अंगात काही नाही, आधी वजन वाढवा. मी जाम घाबरले. नवरा मुंबईला, घरात आम्ही दोघीच, आणि दुखायला लागलं की या बाई भिंतीला टेकून ओठ मिटून बसायच्या. मग मी विकायला ठेवलेले अख्खे काजू काढले. एरवी आमच्या वाट्याला फक्त तुकडा येतो. रोज सकाळी मूठभर काजू आणि चहा. सासूबाई खूश, मी खूश. महिन्याने पाहिलं तर वजनाचा काटा जागचा हललेला नाही.

"आजी, चावून खाता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चावायचा कशाला? चायत बुडवायचा नि गिळायचा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. काजूतलं तेल म्हणे बारीक बारीक कप्प्यांत बंद असतं. दातांनी ते कप्पे फोडले तरच अंगाला लागतं, न फुटलेलं बरंचसं तसंच बाहेर पडतं.

सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "म्हंजे येवढा भारी काजू माझ्या पोटात नुसता फिराक आला नि गेला?"

मला जे हसू फुटलं! नर्स दारातून डोकावली, डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि सासूबाई आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत राहिल्या.

तरीही कवळी काही कपाटातून निघेना. मग मी मिक्सर काढला. पेजेत काजू, आमटीत काजू, भाकरीच्या पिठात काजू. बांगड्याच्या कालवणात घातला तेव्हा मात्र त्यांनी ताट सरकवलं. "माझ्या पोटाचं ऱ्हाऊ दे, आधी तुझ्या डोक्याचं ऑपरेशन करूया!"

पण काटा हलला. हळूहळू गालही भरले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच मी सासूबाईंना मिठी मारली आणि त्यांनी "लोक बघतायत" म्हणून मला चिमटा काढला.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मी पडवीत काजूचा डबा घेऊन बसले होते. सासूबाई बाहेर आल्या. तोंडात कवळी. त्यांनी एक अख्खा काजू उचलला आणि कुरकुर चावायला लागल्या.

"आई, कोण येणार आहे?" मी गोंधळून विचारलं.

"कोण नाय गो," त्या चावता चावता म्हणाल्या. "तू हायस ना."