तेल पिणाऱ्या मुठी

नेकनूरच्या सटवा सुताराचा देवावर विश्वास नव्हता, जवसाच्या तेलावर होता. सुरीला बाभळीची मूठ बसवली की ती तापवलेल्या तेलात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं तीनदा. वरून मेणाचा हात. "लाकूड लई तहानलेलं आसतं बे," तो गिऱ्हाइकाला सुनवायचा, "तेल न्हाई पाजलं तर पाणी पितं अन् फुटतं." त्याची बायको सुंदरबाई म्हणायची, "माझ्या कालवणात थेंब न्हाई, अन् ह्यांच्या लाकडाला वाटी वाटी!"

निजामाच्या अमलातले ते दिवस. गावापुरतं सरकार म्हणजे आप्पाराव पाटील, आणि अकलेच्या नावानं तिथं आनंदच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणून आदल्या दिवशीच तलवारीपासून चुलीजवळच्या सुऱ्यांपर्यंत सगळं हौदात बुडवून ठेवायची त्याच्या घरची रीत. रात्रभराच्या पाण्यापुढं सटवाचं तेलही टिकायचं नाही; पाणी पिऊन मुठी टम्म फुगायच्या, दसऱ्याच्या उन्हात तडकायच्या, आणि शिव्या सटवाला. त्या साली पाटलानं बजावलं, "औंदा एक जरी मूठ फुटली तर तुझं बलुतं बंद. बीडचा सुतार आणतो." बलुतं म्हणजे वर्षाचं धान्य. सटवा मनापासून घाबरला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाटलाचा गडी सुऱ्यांची टोपली घेऊन हौदाकडं निघाला, तोच सटवा अंगणात घुमायला लागला. केस मोकळे, डोळे पांढरे. "मला पाण्यात बुडवायलास व्हय रं मुडद्या? जवसाचं तेल पाज! तापवून पाज! तीनदा पाज!"

तहसीलदाराला न भिणारा पाटील तिथंच आडवा झाला. "चुकलो, आई!"

त्या साली मुठी तेल पिऊन तकतकीत झाल्या. एकही फुटली नाही. सुगीत सटवा बलुतं घ्यायला गेला, तेव्हा पाटलीण तुळजाबाईंनी त्याला मागच्या दाराशी गाठलं.

"देवीला तेल तापवूनच कावून पायजे होतं रं? अन् तीनदाच?"

सटवानं धान्याचं पोतं पाठीमागं सरकवलं. ही आता नवऱ्याला सांगणार आणि पोतं परत जाणार, हे त्याला दिसायला लागलं.

"भिऊ नको, सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून सांगायले, मुठी भिजवू नका. बाईचं कोण ऐकतं?"

सटवाचा जीव भांड्यात पडला. "मग पुढच्या साली तुमीच घुमा की, पाटलीणबाई."

"मी घुमले तर देवी आली म्हणणार न्हाईत," तुळजाबाई म्हणाल्या. "बाधा झाली म्हणून मांत्रिक आणतील."