भाता ओढणारे धोंडीमामा

मैत्रिणींनो, आज सकाळी पाटणजवळच्या एका गावी जाऊन धोंडीमामांना भेटून आले. आपल्या साताऱ्याच्या शाळेच्या इतिहासाची पुस्तिका उद्या छापायला जाणार आहे. तपासायचं काम माझ्याकडे आहे.

आपली शाळा गाण्यातूनच उभी राहिली. अँग्लिकन चर्चमध्ये गायला मुलं जमवली, त्यांना स्तोत्रं वाचता यावीत म्हणून वर्ग भरवला आणि त्या वर्गाची शाळा झाली. पुस्तिकेत पाद्री आहेत, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आहेत. पण आपण गात असताना मागे उभं राहून ऑर्गनला हवा देणारा भाता हाताने ओढणारे धोंडीमामा कुठेच नाहीत. माझ्याही ते कालच लक्षात आलं.

मामा आता नव्वदीला आलेत. म्हटलं, "मामा, पुस्तकात घालायला तुमचं पूर्ण नाव हवंय."

"इतकी वर्सं मामा म्हणून हाका मारल्या, आता नाव पायजे व्हय?" ते हसले. मग म्हणाले, "घाला की. पर ताई, तुमचं गाणं मला कवा नीट ऐकूच आलं न्हाई. भाता लय करकरायचा."

मग मी तिथेच अंगणात आपलं संध्याकाळचं स्तोत्र गायले. मामांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात मांडीवर वरखाली होऊ लागला.

दुसऱ्या कडव्यात माझा दम संपला. मामांचा हात चालूच होता.

तुम्हाला त्यांच्याबद्दल काय आठवतं? आजच लिहा. नुसतं नाव घालून भागणार नाही.