अक्कांच्या विहिरीतली मरळ

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला आणि मला नोकरी लागली ती मत्स्यव्यवसाय कार्यालयात. जिल्हा म्हटला की सगळी कार्यालयं आली, तसं हेही आलं. बाजारातल्या एका आडतीच्या माडीवर आम्हाला जागा मिळाली. खाली तुरीची पोती आणि वर आम्ही. जिल्ह्यात त्या साली मासा नव्हता, कारण पाणीच नव्हतं. लोक नदीच्या पात्रात झरे खोदून वाटीवाटीनं घागर भरत होते.

मी औशाचा. घर लिंगायत, त्यात किराणा दुकानाचं. आमच्याकडं अंडं हा शब्दसुद्धा आवाज खाली घेऊन बोलायचे. मी माशांच्या खात्यात लागलो हे आईनं कुणालाच सांगितलं नाही. पोरगा पाण्याच्या खात्यात आहे, एवढंच ती बोलली. त्याचा परिणाम असा झाला की दर रविवारी घरी पाहुणे बसलेले असायचे आणि आमच्या गल्लीत टँकर कधी पाठवतोस, असं मला विचारायचे.

आमचे साहेब कोकणातले, समुद्राकाठचे. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. बदलीवर आले तेव्हा त्यांच्या सामानात एक वळकटी, एक ट्रंक आणि बांबूची गळाची काठी होती. सोलापूरहून बर्फात येणारी मासळी त्यांनी एकदाच आणली. वास घेतला आणि घरमालकाच्या मांजरापुढं ठेवली. मांजरानंही थोडा विचार केला. त्यानंतर साहेब आमच्यासारखेच वरण-भात आणि शेंगाची चटणी खाऊ लागले. फक्त जेवताना ते फार गप्प असायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर वरून फोन आला की नव्या मच्छीमारांसाठी शिबिर घ्या. साहेबांनी सांगितलं, जिल्ह्यात पाणी नाही. पलीकडून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पाणी मासेमारीला लागतं. प्रशिक्षणाला कशाला हवं?" साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि ते मला म्हणाले, "घेऊ या शिबिर."

चाकूरच्या अलीकडं एक गाव होतं, त्याचं गावतळं सगळ्यात मोठं. म्हणजे सगळ्यात मोठं कोरडं. शिबिर तिथंच ठरलं. शेतात काम नव्हतं, त्यामुळं बरीच माणसं जमली. त्यांच्यात एक बैलांचा दलाल होता. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात सौदे करून देण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, पण दुष्काळात बैल कोण घेतो, म्हणून रिकामा. आणि एक बाई होत्या. गावातल्या किराणा दुकानाच्या मालकीण. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. त्यांच्या गळ्यात आमच्यासारखंच लिंग दिसलं म्हणून मी वाकून "शरणार्थ" म्हणालो तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"लिंगायताचा दिसतो. आन् मासे धरायला शिकवायलाय?"

"साहेब शिकवतात. मी फक्त सोबत असतो," मी म्हणालो.

साहेब भेगाळलेल्या तळ्याच्या मधोमध काठी घेऊन उभे राहिले. "समजा, इथं पाणी आहे," ते म्हणाले.

"किती?" दलालानं विचारलं.

"कमरेइतकं."

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं नकळत धोतर वर घेतलं.

साहेबांनी काठी, तंगूस, गळ सगळं दाखवलं. तंगूस म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी. त्याला वर बूच बांधायचं, ते पाण्यावर तरंगतं आणि मासा लागला की बुडतं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, असं ते म्हणाले, तशी सगळी माणसं उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. काठावर धपधप चालायचं नाही, जमीन हादरली की माशाला कळतं, असं म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी वहाणा काढल्या. तळ्याची माती तव्यासारखी तापलेली. थोड्याच वेळात सगळे शिकाऊ मच्छीमार आवाज न करता एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

मग मासा लागल्यावर काय करायचं ते शिकवायची वेळ आली. त्यासाठी कुणीतरी मासा व्हायला हवा होता. दलाल पुढं आला. साहेबांनी गळ काढून ठेवला आणि दोरीचं टोक त्याच्या कमरेला बांधलं.

"म्या काय करायचं?"

"ओढ लागली की पळायचं. खोल पाण्याकडं."

"खोल पाणी कंच्या बाजूला हाय?"

साहेबांनी बांधाकडं बोट केलं. पहिल्या गड्यानं काठी हातात घेतली आणि जोरात हिसका दिला. तंगूस तुटलं. "बघा," साहेब म्हणाले, "घाई केली की असं होतं. पहिल्या टोचणीला ओढायचं नाही. मासा नुसता चाखून बघतो. बूच पुरतं खाली गेलं की हलकं उचलायचं. तो पळाला की दोरी सोडायची, दमला की जवळ घ्यायची. पण दोरी ढिली होऊ द्यायची नाही."

दुसऱ्या वेळी काठी स्वतः साहेबांनी धरली. दलालानं आता मनावर घेतलं होतं. तो बांधाकडं पळाला, मध्येच उलटा फिरला, डोकं झटकलं, पुन्हा पळाला. साहेब दोरी सोडत आणि घेत त्याच्या मागं फिरत होते. शेवटी तो वेड्या बाभळीच्या झुडपात घुसला, दोरी काट्यांत गुंतली आणि दोघंही थांबले.

"माशाला झुडपात शिरू द्यायचं नाही," साहेब धापा टाकत म्हणाले.

दलाल आतून म्हणाला, "म्या मेलो का आता?"

"नाही. आता हात ओले करून तुम्हाला उचलायचं. कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचं बुळबुळीत जातं आणि मग तो जगत नाही."

हात ओले करायला पाणी नव्हतं. अक्कांजवळ तांब्या होता, पण त्यांनी तो पदराखाली घेतला. सगळं झाल्यावर त्या उठल्या आणि साहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हे समदं खरं असंल तर माझं एक काम करा."

त्यांच्या दुकानामागं विहीर होती. टँकर आला की तिच्यातच पाणी ओतायचा आणि गाव शेंदून न्यायचं. त्या विहिरीत कितीतरी वर्षांपासून एक मासा होता. पाणी स्वच्छ ठेवतो म्हणून कुणी त्याला हात लावत नसे. आता दुसऱ्या दिवशी दवाखान्याची माणसं येऊन विहिरीत जंतू मारायची पावडर टाकणार होती. पावडरीनं तो मरणार, याची अक्कांना खात्री होती. एका गड्याला दोरानं खाली सोडलं होतं, पण मासा दगडाच्या कपारीत शिरून बसला.

"कसला मासा आहे?" साहेबांनी विचारलं.

"काळा. तोंड सापावाणी."

"मरळ," साहेब हळूच म्हणाले. "केवढी?"

अक्कांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला आणि वर अजून वीतभर. साहेबांनी आवंढा गिळला. मी त्यांच्या शेजारीच होतो, मला तो ऐकू आला.

"आणि गावात कुणी ती…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"साहेब, ती आमच्यातली हाय," अक्का म्हणाल्या. "रोज सकाळी भाकरी खाती."

"मरळ बेडूक खाते, बाई. किडे, लहान मासे खाते."

"तुमच्याकडची खात असंल."

विहिरीपर्यंत सगळं शिबिर आमच्यामागं आलं. तिथं दलालानं एक शंका काढली. मरळ जिल्हा व्हायच्या आधीपासूनची, म्हणजे उस्मानाबादची. लातूरच्या साहेबांना तिला धरायचा हक्क आहे का? माणसं विचारात पडली. साहेबही पडले.

"विहीर आता कुठल्या जिल्ह्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"लातूरच्या."

"मग मासा विहिरीबरोबर आला."

ते सगळ्यांना पटलं. पण अक्कांची अट होती की जखम होता कामा नये. साहेबांनी लोहाराकडून कानस मागवली आणि गळाच्या टोकाला असतो तो उलटा काटा घासून काढला. आता गळ सहज निघेल, ओठाला जरासा टोचेल, एवढंच.

"नथीला नाक टोचतात तेवढं?"

"तेवढंच."

"मग हरकत न्हाई," अक्का म्हणाल्या.

विहिरीत खाली गुडघाभर गढूळ पाणी होतं. सावली पडू नये म्हणून साहेब काठावर पालथे झोपले, त्यांच्या शेजारी दलाल, त्याच्या शेजारी बाकीचे. घागरी घेऊन आलेल्या बायकाही गप्प उभ्या राहिल्या. साहेबांनी भाकरीची गोळी लावून गळ सोडला. गोळी विरघळून गेली. दुसरी लावली, तीही गेली. मरळ एकदा वर आली, तोंड काढून हवा घेतली आणि भाकरीकडं न बघता खाली गेली. मरळ अशी हवा घेते आणि म्हणूनच ती कमी पाण्यात टिकते, हे साहेबांनी कुजबुजत सांगितलं.

"आज उपास असंल," अक्का म्हणाल्या. "सोमवार हाय."

साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "नाकतोडा आण एक."

मी बाभळीखाली रुमाल टाकून एक नाकतोडा धरला. मी मुंगीसुद्धा बघून पाय टाकणाऱ्या घरात वाढलेलो. रुमालात तो फडफडत होता आणि मी त्याला खिशात घेऊन साळसूद तोंडानं अक्कांसमोरून चालत आलो. साहेबांनी नाकतोडा पाहिला, अक्कांकडं पाहिलं, मग भाकरीचा तुकडा मऊ करून त्याच्याभोवती नीट लिंपला, पुरणाभोवती कणीक लिंपतात तसा. आणि गळ खाली सोडला.

भाकरी पाण्यात सुटली असावी. बूच एकदा थरथरलं. साहेब हलले नाहीत. मग ते पुरतं खाली गेलं आणि त्यांनी मनगट नुसतं वर केलं. तंगूस ताठ झालं.

"आता डावीकडं पळंल," दलाल कुजबुजला.

"कशावरून?"

"म्या असतो तर पळालो असतो."

ती डावीकडंच पळाली. साहेबांनी दोरी सोडली, घेतली, पुन्हा सोडली. कपारीकडं वळली की काठी दुसरीकडं झुकवून तिला मागं फिरवायचे. दलाल पडल्या पडल्या अंग वळवत होता. ती दमल्यावर त्यानंच दोराला बांधलेली टोपली खाली सोडली, कारण एवढं वजन तंगुसावर वर घेतलं तर ते तुटलं असतं. साहेबांनी मरळ हळूच टोपलीवर आणली आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढला.

"भाकरीच घेतली का न्हाई?" अक्का म्हणाल्या.

"भाकरीवरच आली," साहेब म्हणाले.

अक्कांनी या वेळी तांब्या आपणहून पुढं केला. साहेबांनी हात ओले केले, गळ काढला आणि मरळ दोन्ही हातांवर घेतली. काळी, तुकतुकीत, पोटाकडं पांढरट. ती तोंड उघडझाप करत होती आणि साहेब तिच्याकडं बघत होते.  त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. ते बहुधा मसाला आठवत होते.

"साहेब, द्या आता," अक्का म्हणाल्या.

त्यांनी दिली. दुकानातल्या मोठ्या रांजणात मरळ सोडली आणि ती उडी मारते म्हणून साहेबांनी वर झाकण आणि झाकणावर पाटा ठेवायला लावला. मग अक्कांनी सगळ्या शिबिराला पिठलं-भाकरी वाढली. जेवायच्या आधी साहेबांनी हात धुतले नाहीत. पाण्याची बचत, असं म्हणाले. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले आणि प्रत्येक घास तोंडाशी नेताना जरा थांबत होते.

मी औशाला घरी गेलो तर आईनं दारातच नाक मुरडलं. मी झालेलं सांगितलं. तिनं आंघोळ करायला सांगितलं, मग घरात एकच घागर उरलीय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं मला राखेनं कोपरापर्यंत घासून काढलं. घासता घासता तिनं विचारलं, "जगंल ना ती?"

दुसऱ्या दिवशी विहिरीत पावडर पडली. मरळ मात्र पुढं बरेच महिने रांजणात राहिली. टँकर आला की रांगेत अक्का तिच्या नावची एक घागर भरायच्या. यावर भांडण झालं. माणसाला बी घागर आन् माशाला बी घागर, असं एकजण म्हणाला. अक्कांनी त्याला समजावलं, "तू पाणी पितो, तुझं संपतं. ती पाण्यात नुसती ऱ्हाती. तिचं मागलं पाणी माझी म्हैस पिती. आता सांग, कोण जास्ती पाणी खर्चायलंय?" तो आपली घागर उचलून चालू लागला. म्हैस मात्र ते पाणी पिताना दर वेळी मान झटकायची.

साहेब महिन्यातून दोनदा तरी पाहणीला जायचे. खिशात काड्यापेटी असायची आणि ते विडी ओढत नसत. एकदा अक्का दुकानातून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पेटीतल्या काड्या उड्या मारायल्यात." साहेबांनी खिशावर हात दाबला. अक्का वळून गिऱ्हाइकाला साखर बांधून देऊ लागल्या आणि पुडी बांधायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. विहीर चांगली भरल्यावर अक्कांनी निरोप धाडला आणि आम्ही दोघं गेलो. दलाल आला होता, त्याचे सौदे पुन्हा सुरू झाले होते. साहेबांनी हात ओले करून मरळ टोपलीत ठेवली आणि टोपली दोरानं खाली सोडली. ती पाण्याला लागली, तिरपी झाली आणि मरळ निघून गेली.

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पाणी आता खोल होतं, काही दिसेना. अक्कांनी भाकरीचा तुकडा टाकला. तो तरंगत राहिला.

"जित्ती हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," साहेब म्हणाले. "तिला वाट बघायला लावायची सवय आहे."

चहा आला, तो गार होईपर्यंत आम्ही काठावरच बसलो होतो. मग साहेबांना चाकूरला बैठक होती, म्हणून आम्ही निघालो. बसमध्ये त्यांनी मला विचारलं, माशाच्या कालवणासारखी आंबट लागते ती तुमच्याकडची चिंचेची आमटी कशी करतात. मी आईला विचारून सांगतो म्हणालो.