खळ फक्त कडेला

नुसती टिचकी मारून पुठ्ठ्याची कुंडली मांडणारी बाई अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच आहे, आणि ती माझी मामी आहे. अतिशयोक्ती वाटेल तुम्हाला. वाटू दे. माझी सरकारी नोकरी हातची जायची वेळ आली ती मामीच्या पुठ्ठ्याच्या वेडापायी, आणि ती वाचली तीही त्याच वेडापायी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तिला नावं ठेवायला लागले की तुम्ही मला फार बोलणार नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत मामा-मामींचं तीन खोल्यांचं घर आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मी लोणंदहून तिथं राहायला आले आणि तीन वर्षं राहिले. त्या घरात कुठल्याही खोक्याला मरण नाही. साडीचा खोका, मिठाईचा खोका, टूथपेस्टचं वेष्टण, गोडेतेलाचा डबा, शाम्पूची बाटली, सगळ्यांना दुसरा जन्म मिळतो आणि तो कुणाच्या तरी टेबलावरच मिळतो. मामानं नवे बूट आणले तर बूट दारात आणि खोका आत, असा प्रकार. शेजारच्या काकूंनी फ्रिज घेतला तेव्हा मामी पेढे घेऊन अभिनंदनाला गेली. पेढे देऊन ती फ्रिजचं खोकं डोक्यावर घेऊन आली, आणि फ्रिजचा रंग कुठला होता विचारलं तर तिला सांगता येईना! लग्नाची पत्रिका आली की मुलगा-मुलगी राहिली बाजूला, मामी आधी कागद चिमटीत धरून बघणार. "लय पातळ हाय गं," ती एकदा गंभीरपणे म्हणाली, "नवऱ्याकडची मानसं हात आखडून हायत. पोरीचं कसं व्हायचं?"

या वेडाचं मूळ मामाच्या फौजेतल्या नोकरीत आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये भिंतींशिवाय काही नाही. मग मामीनं शोध लावला कॅन्टीनमधल्या रमच्या खोक्याचा. त्यात बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे बारा खण आयतेच पाडलेले असतात. आडवं ठेवलं की पेन, कात्री, सुई-दोरा, पत्रं, सगळं मावतं. मामी जिथं जाईल तिथं अशी खोकी गोळा करायची, आणि जिथं जाईल तिथं लोकांचा समज व्हायचा की या माणसाचं पिणं काही खरं नाही! मामा आयुष्यात थेंबाला शिवला नाही. "रिटायर झालो तवा साहेब म्हनला, दारू कमी करा," मामा अजून कळवळून सांगतो. "आता जरा वेळ स्वस्थ बसायची पन भीती वाटती. माझंच खण पाडील ही."

पण हात मात्र काय होता तिचा! मैद्याची खळ शिजवायची, त्यात वाळवीसाठी चिमूटभर मोरचूद टाकायचं, दोन पुठ्ठे एकावर एक ठेवायचे आणि खळ फक्त कडेला लावायची. मधे थेंबही नाही. मी एकदा हौसेनं सगळीकडं खळ फासली तर माझ्या हातातला ब्रश तिनं काढून घेतला. "मधी खळ लावली की पुठ्ठा फुगतोय. कडंनं धरून ठिवायचं आन् मधी मोकळं सोडायचं." मग वरून जुन्या साडीचं कापड, आणि शेवटी मामाच्या काळ्या ट्रंकेवर नाव घालून उरलेल्या पांढऱ्या रंगानं प्रत्येक खणावर अक्षरं. माझ्या टेबलावरच्या खणांवर लिहिलं होतं: पेनं. रिफिली. मोडकी पेनं. मोडकी पण चालणारी पेनं. मी हसले तर म्हणाली, "हस. परीक्षेला बसल्यावर कळंल कुठलं चालतंय ते."

आणि मी पास झाले! साताऱ्याला कचेरीत लिपिकाची जागा. सोमवारी अकरा वाजता मूळ कागदपत्रांची तपासणी. रविवारी सकाळी मी कागद लावायला बसले आणि माझी निळी फाईल जागेवर नाही.

"मामी, माझी निळी फाईल?"

"ती व्हय? लय भारी पुठ्ठा निघाला बग. कापली की गेल्या आटवड्यात."

"आणि आतले कागद?"

"पिशवीत घालून ठिवल्यात. मी काय येडी हाय?"

पिशवी उपसली. गुणपत्रिका होत्या, पदवी होती, जातीचा दाखला होता. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. तो मी फाईलच्या आतल्या खिशात, अगदी जपून, सरकवून ठेवला होता. शाळा लोणंदला, त्यात रविवार, आणि दाखल्याशिवाय उद्या साताऱ्यात मी जन्मलेच नाही असं ठरणार. तीन वर्षं पाण्यात! मी फरशीवर बसून भोकाड पसरलं. मामीचा चेहरा पांढराफटक पडला. ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली आणि मग भराभरा बोलली, "दोन तुकडं केलं मी. एक तुज्याच टेबलाच्या खालच्या खणाला तळ म्हनून लावला. दुसरा गेला तासगावला, माझ्या भावाकडं."

आधी माझं टेबल. मी घाईघाईत नव्या तळाबरोबर जुना तळही उचकटला आणि दोन पुठ्ठ्यांच्या मधून एक कागद सरकला. "मिळाला!" मी ओरडले. मामा आतून पळत आला. पण कागद पिवळा, घडीवर विरलेला, आणि नाव भलत्याच मुलीचं. इयत्ता सातवी पास. प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

मामीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यो न्हवं. चल, तासगावची एसटी गाठू."

मामीचा भाऊ बेदाण्याचा व्यापारी. आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि तो मामीनं केलेल्या कप्प्यातून हिरवा, पिवळा, काळा असे नमुने काढून ऐटीत दाखवत होता. मामीच्या हातातली कात्री बघून तो आडवाच आला. "आक्का, हात लावू नगंस! लोकं इचारत्यात, इतकं झ्याक कपाट कुठनं आनलं म्हनून."

"बाजूला सर. पोरीची नोकरी हाय आत."

तीन वर्षांत मी मामीला स्वतः केलेली वस्तू मोडताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं कात्री घातली. कापड फाटलं, बेदाणे शेडभर पसरले, गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. तिनं कडा कापून पुठ्ठे अलगद वेगळे केले, फाईलच्या खिशात दोन बोटं घातली आणि माझा दाखला बाहेर आला. कोरा करकरीत! खळीचा डाग नाही की सुरकुती नाही. मी मामीच्या गळ्यातच पडले, मामीचा भाऊ बेदाण्यांवरून घसरता घसरता टाळ्या वाजवायला लागला.

"तरी मी सांगत हुती," मामी डोळे पुसत म्हणाली, "मधी खळ लावायची नसती."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तो पिवळा दाखला तुझा ना? माझ्या टेबलात का ठेवला होतास?"

ती खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडं बघत म्हणाली, "आमचं आबा, माझं वडील, शाळंत गेलं आन् नाव काडून आनलं. लगीन ठरलं हुतं. मला पुढं लय शिकायचं हुतं गं. इतक्या जनांची टेबलं लावली, माझं कुठलं टेबल? तू आलीस तवा म्हनलं, मी न्हाई बसले तर न्हाई, दाखला तरी बसू दे अभ्यासाला."

मी तिचा हात धरून बसले. तिच्या बोटांना खळ वाळून चिकटलेली होती.

सोमवारी तपासणी झाली. साताऱ्याला रुजू व्हायला निघाले तेव्हा मामीनं कचेरीतल्या टेबलासाठी नवे खण करून दिले, बेदाण्याच्या खोक्यांचे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे येऊन बघून जातात. खालच्या खणाला दुहेरी तळ आहे. टिचकी मारली की मधे काहीतरी असल्यासारखा आवाज येतो, एवढं मलाही आता ओळखता येतं.

बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म मी तिच्या नावानं भरून ठेवला आहे. फोनवर सांगितलं तर आधी हसली, मग म्हणाली, "ह्या वयात व्हय?" आणि मग अगदी हळू आवाजात, "काय काय कागद लागत्यात?"

"शाळा सोडल्याचा दाखला लागतो, मामी. मूळ प्रत."

येत्या रविवारी ती साताऱ्याला येणार आहे. कात्री घेऊन येते म्हणाली.